हबसाणापासून नालासोपाऱ्यापर्यंत

सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिका समितीची तरुण मंडळी दोनदा घरी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे सभासद. शिवाय इतिहास वाचता. आपल्या भागाच्या इतिहासावर एक लेख हवाच." मी हो म्हटलं. त्यांच्या डोळ्यांसमोर सोपाऱ्याचा स्तूप, वसईचा किल्ला आणि चिमाजीआप्पा असणार. ते या लेखात येतीलच. पण मी निवडलेला विषय थोडा निराळा आहे. आपल्या या किनाऱ्यावर आफ्रिकेतून जी माणसं आली, राहिली, राबली, लढली आणि काही ठिकाणी राज्यही करून गेली, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे.

हा विषय का, ते आधी सांगतो. त्याचं कारण आपल्याच मिनिट बुकातल्या एका पानावर आहे आणि त्या पानाखाली सही माझी आहे.

२०१४ साली मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मालकाने अकरा महिन्यांच्या करारावर एका नायजेरियन गृहस्थाला दिला. तयार कपडे इथून घेऊन तिकडे पाठवायचे, हा त्याचा व्यवसाय. पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीकृत करार, पोलिसांकडची भाडेकरूची नोंद, परदेशी माणसासाठी भरायचा सी फॉर्म, सगळे कागद मालकाने आणून दिले. मी आयुष्यभर बँकेत कागद तपासले. यात खोट काढायला जागा नव्हती. तरी दोन महिन्यांत कुजबुज सुरू झाली. "मुलीबाळी आहेत हो आपल्या", "पेपरात काय काय येतं वाचता ना?" त्या माणसाविरुद्ध एकही लेखी तक्रार नव्हती. जोरात गाणी लावली नाहीत, मेंटेनन्स थकला नाही. पण कमिटीची बैठक झाली आणि "यापुढे आफ्रिकन नागरिकांना सदनिका भाड्याने देऊ नयेत, सध्याच्या भाडेकरूस जागा रिकामी करण्यास सांगावे" असा ठराव झाला. मी तो स्वच्छ अक्षरात लिहिला आणि खाली सही केली.

तो निघाला त्या दिवशी ऑफिसात आला. शेवटच्या महिन्याची पावती मागितली. मी दिली. घडी करून खिशात ठेवताना त्याने शांतपणे विचारलं, "अंकल, कौन सा रूल?" माझ्या टेबलावर उपविधींचं पुस्तक होतं. त्यात असं कलम नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "कमिटी का डिसीजन है." तो "ओके अंकल" म्हणाला आणि गेला.

पुढच्या जानेवारीत आपली सहल मुरूड-जंजिऱ्याला गेली. जुन्या सभासदांना आठवत असेल. शिडाच्या होडीतून आपण किल्ल्यावर गेलो, दरवाजाजवळच्या त्या शिल्पाचे फोटो काढले, वाघाने पायांत हत्ती पकडलेत ते. गाइडने सिद्दींचा पराक्रम रंगवून सांगितला. परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारच्या वहिनींनी सहज विचारलं, "भाऊ, हे सिद्दी म्हणजे मूळचे आफ्रिकेचेच ना?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण पैसे भरून त्यांचा किल्ला बघायला आलो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्याला मात्र घालवला!" बसमध्ये हशा पिकला. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी आल्यावर वाचायला सुरुवात केली. गेल्या दहा वर्षांत जे वाचलं त्याचा हा गोषवारा.

सोपाऱ्याचे तांदूळ, तूप आणि कापड

सुरुवात आपल्याच गावापासून करू. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात ते टेकाड खणलं, आणि आतून बौद्ध स्तूप आणि दगडी करंडक निघाला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली इथे सापडला. शूर्पारक हे त्या काळचं मोठं बंदर होतं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण बंदर म्हटलं की समुद्राच्या पलीकडेही कोणीतरी असणार. पलीकडे कोण होतं?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं छोटं पुस्तक आहे. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंत कोणत्या बंदरात काय विकलं जातं, काय घ्यावं, याची ती यादीच म्हणा ना. त्यात 'सुप्पारा' नावाने आपलं सोपारा येतं. त्याच पुस्तकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदरंही येतात, आणि तिथे आपल्याकडच्या किनाऱ्यावरून, म्हणजे गुजरात आणि उत्तर कोकणच्या बाजूने, गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड, उसाची साखर जाते असं लिहिलं आहे. लोखंड आणि पोलादसुद्धा जाई. तिकडून हस्तिदंत, कासवाची पाठ असा माल निघे. वाऱ्याची दिशा पाहून गलबतं जात आणि उलट्या वाऱ्यावर परत येत. म्हणजे आपली आणि आफ्रिकेची पहिली ओळख देवाणघेवाणीची होती, बरोबरीच्या नात्याची. आज एक नायजेरियन माणूस नालासोपाऱ्यात येऊन तयार कपडे खरेदी करतो, ते पाहून आपण चमकतो. इथलं कापड आफ्रिकेला जाणं ही दोन हजार वर्षांची जुनी रीत आहे.

गुलाम आणि वजीर

मध्ययुगात हे नातं बदललं. अरब व्यापाऱ्यांच्या हातून आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून दख्खनेत येऊ लागली. इथिओपियाला अरबीत 'हबश' म्हणत, म्हणून ते 'हबशी'. आपल्या मराठीत हा शब्द काळ्या, धिप्पाड माणसाला हिणवण्यासाठी वापरतात. लहानपणी गिरगावातल्या चाळीत मीही तो वापरलेला आहे. मुळात तो एका देशाचा पत्ता आहे.

दख्खनेतला गुलाम आणि अमेरिकेच्या मळ्यावरचा गुलाम यांत एक फरक होता. इथे पुष्कळ गुलाम सैन्यात घेतले जात आणि कर्तबगार माणूस वर चढू शकत असे. सर्वांत मोठं उदाहरण मलिक अंबरचं. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मला, लहानपणीच विकला गेला, हातोहाती फिरत अहमदनगरला पोहोचला आणि शेवटी निजामशाहीचा सर्वेसर्वा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नळ टाकून त्याने शहराला पाणी आणलं. त्या नहरींचे अवशेष आजही आहेत. त्याची जमीनमहसुलाची पद्धत पुढच्या राज्यकर्त्यांनाही विचारात घ्यावी लागली. मोगलांशी गनिमी काव्याने तो वर्षानुवर्षे झुंजला आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. लहानपणी बाजारात विकलेला मुलगा असं काही करून गेला, ही गोष्ट आमच्या शाळेत दोन ओळींत संपली.

दोन्ही बाजूंचे सिद्दी

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, दुसरा जंजिऱ्याचा सिद्दी. दोन्ही आपले शत्रू. हे खरंच आहे, त्यात बदल करायचं कारण नाही. जंजिरा शिवाजी महाराजांना मिळाला नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडी बुजवून किल्ल्यापर्यंत वाट काढायचा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खानाने मुंबईवर उतरून इंग्रजांनाच कोटात कोंडलं. रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या खाडीपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या मुलखाला लोक 'हबसाण' म्हणत. हे राज्य थेट १९४८ मध्ये विलीन झालं. मराठी मुलखात मराठी रयतेवर सुमारे सव्वातीनशे वर्षे आफ्रिकी वंशाचं घराणं राज्य करत होतं. जगाच्या इतिहासात अशी उदाहरणं फार नाहीत.

पण दुसरी बाजूही आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला होता, तेव्हा तो मोडायला बाहेरून चालून गेलेल्यांत नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल होता. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांबरोबर जे निवडक अंगरक्षक होते त्यांत सिद्दी इब्राहिमचं नाव घेतलं जातं. महाराजांनी माणूस कामावरून पारखला. वेढा घालणारा सिद्दी आणि वेढा फोडायला धावणारा सिद्दी, दोघांना एका मापाने मोजलं नाही. आम्ही कमिटीत जे केलं ते याच्या उलट होतं.

वसईच्या किल्ल्यात ज्यांचा दगड नाही

आता आपल्या घराजवळ येऊ. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे पाच वर्षे वसईत पोर्तुगीज उमराव थाटात राहत. त्यांच्या ताब्यात मोझांबिकचा किनाराही होता. तिथून माणसं जहाजात घालून गोव्याला आणली जात आणि गोव्याहून किनाऱ्यावरच्या इतर ठाण्यांना जात. पोर्तुगीज त्यांना 'काफ्र' म्हणत, आपल्याकडे त्याचं 'काफरी' झालं. मालकाच्या डोक्यावर छत्री धरणं, पालखी उचलणं, स्वयंपाक, पाणी, आणि वेळ पडली तर भाला घेऊन उभं राहणं ही त्यांची कामं.

मी वसईच्या किल्ल्यात अनेकदा जातो. पडक्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या उमरावांच्या कबरींच्या शिळा आहेत, त्यांवर नावं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. ज्यांनी त्यांच्या पालख्या वाहिल्या त्यांच्या नावाचा एकही दगड मला तिथे दिसला नाही. गोव्यातून जे गुलाम पळाले ते घाट चढून जंगलात शिरले. त्यांचे वंशज आज कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी म्हणून राहतात. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. घरात बरेच जण कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. २०२० मध्ये त्यांच्यातले शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेचे सदस्य झाले. पळून आलेल्या गुलामांच्या पोरांना सभागृहात पोहोचायला इतकी वर्षे लागली.

शरणपूर रोड

हा भाग लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. बँकेच्या नोकरीत तीन वर्षे मी नाशिकला होतो. रोज स्कूटरवरून शरणपूर रोडने शाखेत जायचो. शरणपूर हे नाव कुठून आलं, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडत असे. सुटका झालेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांचं पुढे काय करायचं? नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेलं शरणपूर गाव होतं. शरण आलेल्यांचं गाव. तिथे १८६० पासून या मुलांसाठी आश्रम चालू झाला. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. या मुलांना पुढे जगभर 'नाशिकची मुलं' म्हणूनच ओळखत.

आफ्रिकेचा प्रसिद्ध प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये स्वतःची छोटी आगबोट हाकत मुंबईला आला. बरोबर चुमा आणि विकातानी नावाची दोन आफ्रिकी मुलं होती. त्याने त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला ठेवलं. गिरगाव चौपाटीसमोरच्या ज्या कॉलेजच्या पायऱ्यांवर आम्ही संध्याकाळी बसायचो, ते याच विल्सनसाहेबांच्या नावाचं. १८६६ मध्ये शेवटच्या प्रवासाला निघताना लिव्हिंग्स्टनने नाशिकच्या आश्रमातली नऊ मुलंही बरोबर घेतली. नंतर आणखी काही जण त्याला जाऊन मिळाले, त्यांत जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या ऐन मध्यात वारला. त्याच्या सोबत्यांनी काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. नाशिकला शिकलेल्या जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. मग सुसी, चुमा आणि इतरांनी तो देह खांद्यावरून सुमारे दीड हजार किलोमीटर वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबेत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. आमच्या शरणपूर रोडचा विद्यार्थी!

त्यानंतर लवकरच नाशिकचे बहुतेक आफ्रिकी लोक मोंबासाजवळ नव्या वसाहतीत गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने ती फ्रिअर टाउन म्हणून ओळखली जाते. नाव आजही चालू आहे. तिथे या लोकांना काय म्हणत, माहीत आहे? 'बॉम्बे आफ्रिकन'. इथे ते आफ्रिकेचे, तिथे गेल्यावर मुंबईचे. स्थलांतरिताचं हेच नशीब. आम्ही गिरगावकर इथे राहायला आलो तेव्हा नातेवाइकांच्या लेखी आम्हीही 'तिकडे विरारच्या बाजूला गेलेले' झालोच होतो.

योगायोग असा की त्याच १८७३ मध्ये पुण्यात महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गुलामीतून सुटका करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसून जोतीरावांना सातासमुद्रापलीकडची ती बेडी आपल्या बेडीसारखी दिसली. ती दृष्टी आपल्याला वारसा म्हणून मिळाली आहे.

हिशेबाची बाजू

हे वाचून काही सभासद म्हणतील, "साहेब, इतिहास ठीक आहे, पण पेपरातल्या बातम्यांचं काय?" प्रश्न योग्य आहे. आपल्या शहरात परदेशी नागरिकांना गुन्ह्यात अटक झाल्याच्या बातम्या येतात. गुन्हा केला असेल त्याला कायद्याने शिक्षा झालीच पाहिजे. कागद अपुरे असतील तर फ्लॅट देऊ नये, हेही मी आजही म्हणेन. पण बँकेत पस्तीस वर्षे काढताना एक गोष्ट शिकलो. एका खात्याचे हप्ते थकले म्हणून आम्ही त्या गावाची सगळी खाती बंद केली नाहीत. प्रत्येक अर्ज वेगळा तपासला. त्या दिवशी माझ्यासमोर पुरे कागद असलेला एक अर्ज होता आणि मी तो अर्जदाराचा रंग पाहून नामंजूर केला.

दुसरी शंका इतिहासाची. नायजेरिया आफ्रिकेच्या पश्चिमेला, आणि आपल्याकडचे हबशी, सिद्दी आले पूर्वेकडून. दोघांची वंशावळ एक नाही. मान्य. मी त्या माणसाला मलिक अंबरचा नातू ठरवत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की आफ्रिकेचा माणूस या किनाऱ्यावर काल उगवलेला नाही. तो इथे व्यापारी होता, गुलाम होता, वजीर होता, नवाब होता, विद्यार्थी होता. मुंबईच्या आगबोटींत बॉयलरपुढे कोळसा टाकणारा सिद्दी खलाशीही तोच होता. या इतिहासाशिवाय आपल्या कोकणाचा इतिहास पुरा होत नाही.

शिवाय आज आपल्याच इमारतीतली किती मुलं बाहेर आहेत, मोजा. दुबई, जर्मनी, अमेरिका, कॅनडा. त्यातला प्रत्येक जण कधीतरी परक्या शहरात पासपोर्ट हातात धरून घरमालकाच्या दारात उभा राहिला आहे. तेव्हा इकडे आपण देवाला काय सांगत असतो? "चांगली माणसं भेटू देत." माझी नातही गेल्या वर्षी असंच घर शोधत होती. तीन ठिकाणी नकार मिळाला. फोनवर ती म्हणाली, "आजोबा, कारण कोणी सांगतच नाही." मला ऑफिसातलं ते टेबल आठवलं.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत २०१४ चा तो ठराव रद्द करावा, अशी लेखी सूचना मी सध्याच्या सेक्रेटरींकडे दिली आहे. भाडेकरू कोणीही असो, कागद सगळ्यांना सारखेच आणि नियमही सगळ्यांना सारखेच, एवढंच त्यात लिहिलं आहे. सभा काय ठरवेल तो सभेचा अधिकार. मतं वेगळी असतील, वादही होईल. पंचवीस वर्षांत पाणी, पार्किंग आणि रंगकामावरून आपण काय कमी वाद घातलेत? तरी गणपतीला सगळे एकत्र बसतो.

तो माणूस आज कुठे आहे, मला माहीत नाही. मी दिलेल्या पावतीचं स्थळप्रत मात्र सोसायटीच्या जुन्या पावतीपुस्तकात अजून आहे. परवा मुद्दाम काढून पाहिलं. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, सही माझी.